दोनच सीटांची गाडी

टिल्लू सहा फुटांच्या वर गेला, तरी त्याचं नाव टिल्लूच राहिलं. आई गेली तेव्हा तो जेमतेम बोलायला लागला होता आणि ताईचं शिक्षण अर्ध्यावर होतं. ताई केस कापायला शिकली, तिने दोन खुर्च्यांचं सलून टाकलं आणि त्याला वाढवलं. शाळेच्या मैदानावर दुसरं कुणी तयार नसायचं, म्हणून तो गोलपोस्टात उभा राहायचा. त्याच जागेने त्याला एका मोठ्या फुटबॉल क्लबात नेलं.

क्लबशी करार झाला त्या आठवड्यात तो सलूनमध्ये आला आणि त्याने मोबाइल ताईच्या नाकासमोर धरला. पिवळीधमक स्पोर्ट्स कार. जमिनीला चिकटलेली, दोनच सीटांची.

"घेऊ?"

ताई एका बाईंच्या कपाळावरचे केस कापत होती. कात्री जरा जास्तच वर गेली. बाईंनी आरशात पाहिलं, पण त्या जुन्या गिऱ्हाईक होत्या, त्यांनी चालवून घेतलं.

"लायसन्सची शाई तरी वाळली का रे?"

"आलंय ना पण."

"अक्षता पडल्या म्हणजे संसार येतो असं नाही."

बाईंना हसू आवरेना.

"क्लबातले सगळे स्वतःच्या गाडीने येतात, ताई. मी एकटा बसने."

"मग बसने आलं की बॉल हातातून निसटतो का?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. लहानपणी बूट मागितले आणि मिळाले नाहीत, की अगदी असंच व्हायचं. तेव्हा ताईला 'नाही' म्हणणं भाग होतं. आता कमाई त्याची होती. तिने कात्री खाली ठेवली.

"रविवारी बघायला जाऊ. घ्यायचं पुढचं पुढे."

शोरूममधल्या सेल्समनचे केस पिकले होते. त्याने पेपरातल्या फोटोवरून टिल्लूला ओळखलं. आधी त्याने स्वतः शेजारी बसून टिल्लूला एक फेरी मारू दिली. दोघं परतल्यावर ताई म्हणाली, "आता मी बसते."

सेल्समनने मान खाजवली. "मागच्या रस्त्याने गोदामांना वळसा घालून या, मॅडम. सर, सावकाश हं."

ताई आत शिरली ती जवळजवळ पडलीच. "ही गाडी आहे की चटई?"

टिल्लू हसला. ती हसत असली की त्याला धीर यायचा. गोदामं बंद होती, रस्ता मोकळा होता. नुकतीच पावसाची सर पडून गेली होती. सरळ रस्त्यावर त्याने गाडी छान नेली. वळणातून बाहेर पडताना मात्र त्याने पाय दाबला. जरासाच.

इंजिन गरजलं. गाडीचा मागचा भाग घसरून पुढे यायला निघाला, गोदामं भिंतींसकट गरकन फिरली, आणि गाडी आल्या दिशेला तोंड करून रस्त्याच्या कडेला थांबली. कुठे धडकली नाही. कुणाला लागलं नाही.

ताईचा उजवा हात टिल्लूच्या छातीवर आडवा होता. तो कधी गेला, तिला कळलं नव्हतं. पूर्वी रिक्षाने ब्रेक मारला की तो असाच जायचा. तेव्हा त्या हाताखाली अख्खा टिल्लू मावायचा. आता हाताखाली त्याचं काळीज धडधडत होतं.

"रागव ना," तो हळूच म्हणाला.

"कशाला? तुझं तुला कळलंय."

"तू चालवतेस?"

"मला सायकल येत नाही नीट. नेशील तूच. वाटेल तितका वेळ घे."

तो निघाला. एवढी दांडगी गाडी, पण गोगलगायीसारखी. भाजीची पिशवी लटकवलेला एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि वळून वळून बघत राहिला. ताईला हसू फुटलं, मग टिल्लूलाही.

"मला तुला न्यायला यायचं होतं," तो म्हणाला. "सलून बंद करायच्या वेळी. सगळ्या गल्लीसमोर. दिवसभर उभी असतेस तू."

ताईने खिडकीची काच खाली केली.

"तुला एक सांगू? तू खेळतोस ना, तेव्हा समोरचा पेनल्टी मारायला आला की मी डोळे मिटून घेते."

"म्हणजे? एकही पाहिली नाहीस?"

"एकही नाही. लोकांच्या आवाजावरून कळतं मला. आज डोळे मिटायलासुद्धा वेळ मिळाला नाही बघ."

टिल्लूने गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि ताईचा सीटबेल्ट नीट लागलाय का ते पाहिलं. मग तो पुन्हा सावकाश निघाला.

शोरूमच्या दारात किल्ली परत देताना त्याने सरळ सांगितलं, "काका, गाडी माझ्या हातून फिरली. कुठे लागली नाही, पण बघून घ्या."

सेल्समनने वाकून चारही चाकं पाहिली. मग आतलं कुणी ऐकत नाही ना हे बघून तो आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या मुलीचं लायसन्सही नवंच आहे. ती हीच गाडी मागते. मी देत नाही. पण गिऱ्हाइकाला हे सांगायचा पगार मला मिळत नाही." आणि तो ताईला म्हणाला, "तुम्ही शेजारी बसलात ते बरं केलंत."

पुढच्या महिन्यात टिल्लूने एक जुनी, करड्या रंगाची छोटी गाडी घेतली. तिच्यात त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकायचे. क्लबातल्या पोरांनी तिचं नाव 'डबा' ठेवलं. पहिले काही दिवस त्याला ते लागलं, मग तोच विचारायला लागला, डब्यातून कुणाला सोडायचंय का. दोघं-तिघं रोज येऊ लागले, कारण मागेही सीट होती.

पिवळ्या गाडीचं वेड गेलं असं नाही. रस्त्यात तसली एखादी दिसली की तो अजून थबकतो. "घेईन कधीतरी," म्हणतो, आणि ताई म्हणते, "घे की. मी कुठे नाही म्हणतेय?"

सलून बंद करायच्या वेळी डबा दारात येतो. ताई मागच्या सीटवर बसते, चपला काढते आणि पाय लांब करते. बहुतेक वेळा घर येण्याआधीच तिचा डोळा लागतो. मग टिल्लू गाडी दारात लावून इंजिन बंद करतो, आणि ती आपणहून जागी होईपर्यंत बसून राहतो.