पाखरं हाकलायचं कार्ड

पुनमच्या अंगात सकाळपासून वारं भरलं होतं. हिमायतनगरच्या कबड्डी स्पर्धेला समालोचक हवा होता. आवाज मेमरी कार्डात भरून आणा, मैदानातल्या स्पीकरवर ऐकून ठरवू, असं मंडळाने सांगितलं होतं. पुनमने गावातल्या सामन्याचं समालोचन कीपॅडच्या मोबाइलात भरलं होतं. कार्डात आधीच फोटो इतके कोंबलेले की ऐन शेवटच्या चढाईला जागा संपली. तरी आवाजाची तिला खात्री होती. पोरीच्या हातात माइक देतील का, एवढीच काय ती धास्ती.

नखाएवढी ती वस्तू हरवू नये म्हणून तिने ती देवळीतल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवली. तिच्या आजोबांना, पिराजीआबांना, नेमकी हीच अक्कल सुचली होती; त्यांचंही कार्ड त्याच करंड्यात असायचं. ज्वारी हुरड्यात आलेली, पाखरं हाकलून घसा बसलेला. म्हणून त्यांनी आपलं ओरडणं एकदाच कार्डात भरून घेतलं होतं. रोज शेतात स्पीकर ओरडायचा आणि आबा सावलीत बसायचे.

मैदानावर मंडळाचे अध्यक्ष महादेवप्पा यांनी पुनमने दिलेलं कार्ड स्पीकरला लावलं.

"हाऽऽ हुर्रर्र! हाऽऽ हाऽऽ!"

लिंबावरच्या साळुंक्या भर्रकन उडाल्या. सगळं मैदान पोट धरून हसलं. पुनमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महादेवप्पा कार्ड काढून परत देऊ लागले. पण समोर चढाई सुरू झाली होती, आणि तिला काही राहवेना. तिने सरळ माइक उचलला.

"किनवटचा गडी एकटा आत शिरलाय, समोर सात जण, अन् यानं माघारी लाइनीकडं बघितलंबी न्हाई!"

हसणारे गप्प झाले. गडी दोघांना बाद करून परतला तेव्हा टाळ्या कुणासाठी होत्या, हेच कळेना. उन्हं कलेपर्यंत माइक कुणी परत मागितला नाही.

कधी एकदा आबांना सांगते, असं झालेलं. ती पळतच शेतात गेली. लांबूनच स्वतःचा आवाज कानावर आला आणि ती चरकली. दिवसभर तोच अर्धा सामना वाजत होता. म्हणजे ज्वारीचा बोऱ्या वाजला, आता बोलणी बसणार. आबा सावली सोडून स्पीकरला कान लावून बसले होते. ती तोंड उघडणार, तोच त्यांनी हाताने गप्प केलं.

"पाखरू एक बी फिरकलं न्हाई, ते ऱ्हाऊ दे. सकाळधरनं ऐकून राहिलो, शेवटी जिंकलं कोण?"

पुनमने स्पीकर बंद केला, बांधावर उभी राहिली आणि शेवटची चढाई सांगायला लागली.