जनाबाईनं बंद केलेला कॉक

टिकारामची फटफटी आसगावात आली आणि त्याच्या बायकोच्या, जनाबाईच्या, जिवाला घोर लागला. गाडी जुनी होती, पण तिची निळी टाकी टिकारामनं अशी घासूनपुसून ठेवली होती की तीत बघून भांग पाडावा. गावात दुसरी फटफटी नव्हती. त्यामुळे आपल्या गाडीला हात लावायची कोणाची छाती होणार नाही, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. पवनीच्या बाजारात किल्ली गाडीलाच लटकत सोडून तो धानाच्या भावावर गप्पा हाणत बसायचा.

"अजी, किल्ली तरी काढत जा," जनाबाई म्हणायची.

"कोन नेते वो? गाडी कोनाची हाय, साऱ्या तालुक्याले मालूम हाय."

"चोराले बी मालूम हाय," जनाबाई म्हणायची.

पुढं पवनीतून एका कंपाउंडरची फटफटी भरदिवसा गेली, ती गेलीच. ते ऐकल्यावर जनाबाईनं कारभार आपल्या हाती घेतला. तुलाराम मिस्त्री गाडीचा ब्रेक कसायला घरी आला, तेव्हा तिनं त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला आणि थेट विचारलं, "मिस्त्रीभाऊ, चोर गाडी नेते तं कसा नेते?"

तुलारामला असं कोणी विचारलं नव्हतं. तो खुलला. "बाई, किल्ली नसली तरी तार जोडून गाडी चालू होते. हँडलले कुलूप असते, पन तुमच्या गाडीचं तं मोडलं हाय. चाकात साखळी घालून खांबाले बांधा, हे सगळ्यात पक्कं. अन् हा टाकीखालचा कॉक बंद करत जा. मंग नळीत उरलं तेवढ्या पेट्रोलवर गाडी थोडीशी जाते अन् गपकन बसते. नवशिक्या चोराले समजत बी नाई काय झालं ते."

जनाबाईनं त्याच दिवशी गोठ्यातून म्हशीची साखळी आणली, घासून धुतली आणि टिकारामच्या पिशवीत घातली. पुढच्या बाजाराला त्यानं गाडी विजेच्या खांबाला बांधली मात्र, सगळा बाजार हसायला लागला. "टिकारामभाऊ, दूध किती देते?" एकानं विचारलं. दुसरा म्हशीच्या पेंडीचं, ढेपेचं पोतं घेऊन पुढं आला. टिकाराम तोंड पाडून घरी आला आणि साखळीचं नाव काढेनासा झाला.

कॉक मात्र जनाबाईनं सोडला नाही. गाडी उभी राहिली की ती वाकायची आणि कॉक फिरवायची. सकाळी टिकाराम तो उघडायला विसरायचा. ऐटीत निघायचा आणि तलावाच्या पाळीवर गाडी बंद पडायची. तिथं धुणं धुणाऱ्या बाया हसून ओरडायच्या, "भाऊ, वयनीनं बंद केली जी!"

फाल्गुन लागला तेव्हा टिकारामच्या धाकट्या बहिणीसाठी, शोभासाठी, लाखनीचं एक स्थळ आलं. मुलाचे वडील घनश्याम यांचं मोठ्या सडकेवर बियाण्यांचं दुकान होतं आणि दुकानामागंच घर. नवराबायको दोघं फटफटीवर बसून मुलगा पाहायला निघाले. वाटेत पळसाची झाडं लालभडक फुलली होती. जनाबाई नव्या लुगड्याचा पदर आवरत मागं बसली होती आणि मांडीवर साखळीची ती पिशवी होती.

दुकानापुढं गाडी उभी करताच तिनं पिशवीतून साखळी काढली. टिकारामनं इकडंतिकडं पाहिलं. त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"ठेव ते आत! सोयऱ्याच्या दारात म्हैस बांधू काय? काय म्हनतीन ते लोकं?"

"अन् गाडी गेल्यावर काय म्हनतीन?"

"जना, आजच्या दिवस तरी."

तिनं साखळी पिशवीत टाकली. पण घनश्याम हात जोडून बाहेर आले आणि टिकाराम त्यांच्या गळ्यात पडला, तेवढ्यात ती चप्पल नीट करायच्या निमित्तानं वाकली आणि कॉक फिरवून मोकळी झाली. किल्ली टिकारामनं अर्थातच गाडीलाच सोडली होती, आणि आता चारचौघांत ती काढायला सांगणं तिलाही बरं वाटेना.

आत पोहे आले. मुलगा, जागेश्वर, समोर येऊन बसला. उंच, लाजरा, पायात चप्पल नाही, नजर जमिनीवर. टिकारामनं त्याला शिक्षण विचारलं. त्यानं तोंड उघडलं न उघडलं, तोच बाहेर ओळखीचा आवाज झाला. फट्‌ फट्‌ फट्‌.

"आपल्या गाडीवानी वाजते नाई?" टिकाराम कौतुकानं म्हणाला.

"आपलीच हाय!" जनाबाई ओरडली.

कोणी उठायच्या आत जागेश्वर उठला. लाजणंबिजणं सगळं तिथंच राहिलं. तो तसाच अनवाणी दारातून सुटला आणि साकोलीच्या दिशेनं सडकेवर धावत गेला. थोड्या वेळानं परतला तो धापा टाकत, अंगठ्यातून रक्त येत होतं.

"नाई गावला. साकोलीकडंच गेला."

दुकानापुढं माणसं जमली. टिकाराम पायरीवर मटकन बसला आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "गेली. कंपाउंडरवानी गेली." घनश्यामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पाहुण्याची गाडी आपल्या दारातून जावी! कोणी म्हणे भंडाऱ्याला खबर द्या, कोणी म्हणे देवाला विचारा.

जनाबाई एकटी शांत होती. "रडून कायले राहिले? दूर नाई जात तो. मी कॉक बंद केलो होतो."

टिकारामनं मान वर केली. तलावाच्या पाळीवर इतक्या वेळा फजिती झालेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. तो टुणकन उभा राहिला.

खुशाल नावाचा ट्रकवाला दुकानात बियाण्यांची पोती उतरवून रिकामा झाला होता. घनश्यामांनी त्याला गळ घातली आणि स्वतः ठाण्याकडं गेले. टिकाराम आणि जनाबाई केबिनमध्ये चढले, जागेश्वर मागं उभा राहिला. "चोरानं मागं वळून पाह्यलंच नाई," तो म्हणाला, "मले तो ओळखत नाई. अन् तुमी तं आतच होते."

गाव संपून थोडं पुढं गेल्यावर एका पळसाखाली निळी टाकी चमकली. एक तरणाताठा माणूस, केसांना तेल, गळ्याला रंगीत रुमाल, घामानं निथळत किक मारत होता. टिकाराम दार उघडून उडीच टाकणार होता. जनाबाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"बोंबलत उतरू नोका. बांधाबांधानं पळाला तं कोन धरते? गाडीसंगं त्याले बी आपल्या पायानं ट्रकात चढू द्या."

खुशालला इशारा पुरला. त्यानं ट्रक थांबवला. "काय झालं भाऊ?"

"गाडी बंद पडली जी. नवीनच घेतली. टाकी भरून हाय, तरी चालू नाई होऊन राहिली."

"मिस्त्रीकडं नेऊन देतो. चढव मागं."

चोराचा चेहरा उजळला. मागची फळी खाली पडली. टिकारामनं एकीकडून, चोरानं दुसरीकडून, मधून जागेश्वरनं, अशी सगळ्यांनी मिळून गाडी वर चढवली.

"काका, नीट धरा जी!" चोर टिकारामवर खेकसला. "टाकीले खरचटन ना! आपली गाडी नसली मनून काय झालं?"

टिकारामच्या मिशा थरथरल्या. "नाई खरचटू देत, बापा," तो कसाबसा म्हणाला. जनाबाई पदर तोंडाशी धरून दुसरीकडं पाहू लागली.

ट्रक वळला. चोर मागं गाडीला टेकून जागेश्वरशेजारी ऐसपैस बसला. केबिनच्या मागच्या खिडकीतून जनाबाईला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"पायाले काय लागलं रे?" चोरानं विचारलं.

"फटफटीमागं धावलो."

"कोनाच्या?"

"एका पाव्हन्याच्या. तू पानी पेतं काय?"

चोर पाणी प्यायला आणि म्हणाला, "चांगला पोट्टा हाय तू." तेवढ्यात ट्रक ठाण्यापुढं उभा राहिला. फळी पडली आणि खाली हवालदार दिसला, शेजारी घनश्याम. चोरानं एकदा खाली उडी टाकायचा विचार केला असावा, पण जागेश्वरनं मैत्रीनंच त्याचा हात धरून ठेवला होता आणि तो हात काही सुटेना.

"कोणाची गाडी?" हवालदारानं विचारलं.

"माझी जी."

"मग चालू करून दाखव."

त्यानं पुन्हा किक मारली. मारली, मारली, शेवटी दम लागून खाली बसला. मग जनाबाई पुढं झाली, वाकली, कॉक फिरवला. "मारा जी आता," ती नवऱ्याला म्हणाली. टिकारामनं किक मारली. दोनदा खोकून गाडी फटफटायला लागली. हवालदार हसला, खुशाल हसला, जमलेला घोळका हसला. चोर मात्र टाकीखाली वाकून पाहत राहिला.

"मावशी, कायले हात लावला तुमी? मले बी सांगा ना."

"तुले कायले सांगू? पुन्हा नेशील," जनाबाई म्हणाली.

त्याची ती पहिलीच चोरी होती. त्यानं सारं कबूल केलं आणि हवालदारानं त्याला आत नेलं.

घनश्यामांच्या घरी पोहे पुन्हा गरम झाले. आता कोणी कोणाला शिक्षण विचारलं नाही. घनश्याम म्हणाले, "टिकारामभाऊ, ज्या घरात अशी वयनी, त्या घरची पोरगी आमाले पसंत हाय. पाहाले येऊ, पन ते आपली रीत मनून." उठता उठता त्यांनी जनाबाईला हळूच विचारलं, दुकानाच्या मोपेडला पण असा कॉक असतो काय. तिनं त्यांना दाखवून दिला. ते पाहायला शेजारचे दोघंतिघंही आपापल्या गाड्या ढकलत घेऊन आले.

दिवस मावळायच्या आत दोघं आसगावला पोचले. दारात शोभा उभी होती. तिला विचारायचं होतं, पण विचारता येत नव्हतं. टिकाराम फटफटीची, ट्रकची, चोराच्या रुमालाची कथा सांगत सुटला. शोभा मधल्यामधे पदराला पीळ देत राहिली.

"भाऊ, अन् मानूस कसा हाय?" शेवटी तिनं विचारलंच.

"कोन, चोर?"

"नाई ना जी!" ती लाजून घरात पळाली.

टिकारामनं डोकं खाजवलं. खरं सांगायचं तर मुलाचा चेहराही त्याला नीट आठवत नव्हता. जनाबाई हसत आत गेली आणि चुलीपाशी शोभाजवळ बसली.

"वयनी, तुमीच सांगा."

"उंच हाय. बोलते कमी," जनाबाई म्हणाली. "पन पाव्हन्याची गाडी गेली तवा सगळे बसूनच होते, तो एकटा अनवानी धावला. अंगठा फुटला त्याचा, अन् चोराले पानी बी त्यानंच पाजलं."

शोभानं चुलीतलं लाकूड उगाचच पुढं सारलं, मग हळूच विचारलं, "लय लागलं काय त्यायले?"