नदीवरून दिसणारा दिवा

मार्गशीर्षातली संध्याकाळ मांडवीवर रंग घेऊन उतरते. आधी पाणी मधाळ पिवळं होतं, मग केशरी, मग जास्वंदी. आणि त्या रंगमग्न, मंदगामी, समुद्रोत्सुक पाण्यावर पश्चिमेकडून खारा वारा असा येतो की पणजीच्या काठावरचे माड झावळ्या सावरत उभे राहतात. आकाशात ढगाचं एक चुकार लोकरी पिल्लू तेवढं राहिलेलं असतं. बाकी सारं निरभ्र, निळं, निवांत असतं.

अशा वेळी धक्क्यावरून एक शिडाची होडी सुटते. तासाभराचा फेरा असतो. नदीच्या मुखापर्यंत जायचं, सूर्य समुद्रात बुडताना बघायचा, आणि दिवेलागणीच्या अंधारात परत यायचं. पर्यटक येतात, नारिंगी लाइफ जॅकेटं चढवतात, मावळतीला पाठ करून फोटो काढतात, आणि सूर्य बघायचा राहून गेला म्हणून हळहळत उतरतात.

त्या होडीचा तांडेल आत्माराम कुबल. मालवणचा गाबीत मच्छीमार, पोटासाठी मांडवीवर आला आणि मांडवीचाच झाला. सुकाणूचा दांडा धरून धरून त्याच्या उजव्या तळव्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. एकतीस वर्षं तो रोज संध्याकाळी लोकांना सूर्य दाखवायला नेई, आणि परतताना स्वतः एक दिवा बघत येई.

तो दिवा त्याच्या घरचा. पणजीच्या समोरच्या तीरावर, दोन वाकड्या माडांच्या मध्ये, त्याचं कौलारू घर होतं. अंगणात तुळशीवृंदावन आणि वृंदावनाच्या कोनाड्यात पितळेचं निरांजन. त्याची बायको जयवंती ते दिवेलागणीला लावी. अंगणात विजेचा दिवा होता. पण होडी पुढे निघून जाईपर्यंत ती त्याचं बटण दाबत नसे. विजेच्या झगझगाटात तिची एवढीशी ज्योत नदीवरून दिसणार कशी! होडी दिसेनाशी झाली की मग अंगणात लख्ख उजेड पडे, आणि ती भाताला आधण ठेवायला आत जाई.

रात्री पानावर बसला की ती विचारी, "आज दिवो कसो दिसलो?"

आणि तो सांगे. आज वाऱ्यान हलत होतो. आज उशिरान दिसलो. आज तू वात जाड केलंस. वातीची जाडी याला नदीवरून कशी कळते, याचं तिला भारी नवल वाटे. मासा वाढता वाढता ती हसे, आणि तो तोंड खाली घालून जेवे. प्रेमाबिमाचे शब्द त्या घरात कधी कोणी उच्चारले नाहीत; तेवढं त्या दोघांना पुरलं.

या वर्षी जयवंतीच्या पोटात दुखणं निघालं. अकरा दिवस इस्पितळात झाले. आत्मारामानं त्या दिवसांत होडीचं तोंड पाहिलं नाही. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, आणि घरी न्या म्हणाले, आवडीचं खाऊपिऊ घाला. किती दिवस, हे त्यांनी बोटांवर दाखवलं. सगळी बोटं लागली नाहीत.

तिला कोणी काही सांगितलं नाही. तिला सगळं कळलं.

कणकवलीची लेक चार दिवस राहून गेली. आईला काय हवं नको ते तिनं परोपरीनं विचारलं, आणि आईनं काही नको म्हणून सांगितलं. लेक गेल्यावर मात्र जयवंती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "माका एकदा त्यो दिवो बघूचो आसा. पाण्यावरसून. तुमी बघतास तसो."

त्यानं मान डोलावली. जन्मात तिनं त्याच्याकडे मागितलं असं हे पहिलंच, आणि हे शेवटचं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणून आज ती होडीत होती. नारळी पौर्णिमेला नेसायचं हिरवं लुगडं तिनं ट्रंकेतून काढलं होतं. दुखण्यानं अंग इतकं झडलं होतं की निऱ्या दुप्पट झाल्या. केसांत अबोलीची वेणी माळली. दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली, आणि लग्नाला निघाल्यासारखी तरातरा चालू लागली; चार पावलांवर दम लागला तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. धक्क्यावर आत्मारामानं तिला हाताला धरून चढवलं, सुकाणूजवळच्या फळीवर उशी घालून बसवलं, लाइफ जॅकेटचे बंद स्वतः बांधले. एवढ्या माणसांत नवरा आपल्याला हात लावतो आहे, याची लाज ह्या वयातही तिच्या गालांवर चढली.

शीड फुगलं. पाणी फळ्यांखाली कुजबुजू लागलं. ओहोटीच्या ओढीवर ती शुभ्रपृथुल, वातपूरित, डौलदार होडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळसे घेत पश्चिमेला निघाली. जयवंतीनं काठ बघितला. आपला तीर, आपले माड, आपलं घर. एकतीस वर्षं जिथून तिनं नदी बघितली, ती जागा तिनं आज नदीवरून बघितली.

"एवढ्याशा घरात रवलव आपण?" ती म्हणाली.

आत्माराम नुसता हसला. उन्हात कौलं लाल दिसत होती, दार बंद होतं, वृंदावनाचा पांढरा चुना चमकत होता. होडी पुढे गेली.

नदीच्या मुखाशी सूर्य थोरला झाला, तांबूस झाला, जरासा चपटा झाला. क्षितिजाला टेकला तेव्हा सगळं पाणी पेटलं. ताम्रवर्ण लाटा, ताम्रवर्ण शीड, ताम्रवर्ण माणसं. होडीतले सहाही प्रवासी पुढच्या टोकाकडे धावले. एक नवी नवरी, हातांत अजून हिरवा चुडा, मागे वळून म्हणाली, "आजी, तुम्ही उलट्या काय बसलात? सूर्य इकडे आहे!"

"त्यो माका रोज दिसता, बाय," जयवंती म्हणाली. "तू बघ पोटभर."

ती पूर्वेकडे तोंड करून बसली होती. त्या रक्तिम, विराट, जगावेगळ्या अस्ताकडे तिनं एकदाही बघितलं नाही. तिची नजर लागली होती ती मागच्या, काळवंडत चाललेल्या तीराला. सूर्य बुडाला तसे लोकांनी टाळ्या वाजवल्या, जणू त्यानं हे प्रथमच केलं होतं. आत्मारामानं सुकाणू फिरवलं.

परतीचं पाणी जांभळं होतं. जांभळ्याचं करडं झालं, करड्याचं काळं होऊ लागलं. एकेक करून दिवे लागले. पणजीचा काठ लागला, पूल लागला, नदीत नांगरून ठेवलेल्या जुगाराच्या जहाजांवर हजारो दिवे एकदम पेटले. लाल, निळे, हिरवे, धावणारे, लवलवणारे. सगळी नदी उजेडानं बरबटली. नवी नवरी हरखून गेली. जयवंतीनं ते दिवेही बघितले नाहीत.

"आता दिसतलो," आत्माराम हलकेच म्हणाला.

तिनं पदर सारखा केला. देवळात मूर्तीवरचा पडदा सरायच्या आधी माणूस श्वास रोखतं, तसा तिनं श्वास रोखला. होडी तीराच्या जवळून चालली. कोणाच्या तरी पडवीतला बल्ब गेला. कोणाच्या तरी खिडकीतला टीव्हीचा निळा उजेड गेला. मग काळोखाचा एक तुकडा आला. मग पुन्हा कोणाचा तरी बल्ब.

आत्मारामाच्या हातातलं सुकाणू थबकलं. त्यानं डोळे बारीक केले. पुढे बघितलं, मागे बघितलं. वाऱ्यानं घात केला असं त्याला वाटलं.

"विझलो वाटता," तो म्हणाला.

आणि तेव्हा जयवंतीचा हात आपोआप कमरेला गेला. किल्ली तिच्या बोटांना लागली.

"अवो," ती म्हणाली, "दिवो लावतलो कोण? मी हय बसलंय मां."

मग ती हसली. आधी बारीक, मग मनापासून, पोट धरून; दुखऱ्या पोटाला सोसवत नव्हतं तरी हसली. त्या हसण्यात केव्हा पाणी आलं, ते तिलाही कळलं नाही.

वेडी माणसं! चार दिवस दोघांनी या संध्याकाळचाच ध्यास घेतला होता. लुगडं आठवलं, वेणी आठवली, उशी आठवली. तिला वाटलं होतं, आपण दिवा बघायला जातो आहोत. आणि दिवा तर रोज असतोच. त्याला तर त्या दिव्यामागे हात असतो याचाच विसर पडला होता. ती बाळंतपणाला गेली तेव्हा त्याच्या आईनं दिवा लावला. ती तापानं फणफणली तेव्हा भिंतीला धरून धरून येऊन तिनंच लावला. एकतीस वर्षांत त्या पाण्यावरून जाताना तो कधी दिसला नाही, असं झालंच नव्हतं. शुक्राची चांदणी कोण लावतं, असं कोणी विचारतं का?

"माज्या डोक्यात कसा नाय इला," तो पुटपुटला. "कसा नाय इला माज्या डोक्यात." त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

आणि नेमका तेव्हाच वारा पडला. समुद्रावरचा खारा वारा दिवसाबरोबर मरतो, आणि जमिनीवरचा मतलई वारा अजून जागा झालेला नसतो. त्या दोहोंच्या मधल्या वेळी नदीवर पानही हलत नाही. शीड लुळं पडलं. त्या स्तब्ध, श्यामल, श्वासहीन पाण्यावर होडी उभी राहिली, आणि उभी राहिली ती नेमकी त्यांच्या घरासमोर.

"इंजिन लावू?" पुढून खलाशानं विचारलं.

"रवांदे," जयवंती म्हणाली. तांडेलाच्या होडीवर तांडेलाच्या आधी बोललेली ती पहिलीच बाई असेल. खलाशानं हात मागे घेतला.

आत्माराम त्या काळोखाकडे बघत होता. त्या तीरावर इतका काळोख आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. नदीत हजार दिवे जळत होते आणि त्याला एकही दिसत नव्हता. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, रोज संध्याकाळी इथून जायचं आहे आणि रोज हे असंच दिसणार आहे, हे त्याच्या छातीत आत्ता पहिल्यांदा उतरलं. डॉक्टरांची बोटं बघूनही ते उतरलं नव्हतं.

"उद्या," तो घाईघाईनं म्हणाला, "उद्या मी घराकडे रवतंय. मी लावतंय दिवो. तू ये होडयेत, दुसरो कोण तरी सुकाणू धरतलो..."

तिनं मान हलवली. "तुमी लावलास तर त्यो तुमचो दिवो. माका माजो बघूचो होतो." मग जरा थांबून म्हणाली, "जावंदे. बघूक मिळाचो नाय, लावूक तरी मिळालो."

लावणारा एक आणि बघणारा एक. दोघांच्या मध्ये नदी. एवढाच त्यांचा संसार होता, आणि त्यात जागा बदलायची सोय नव्हती.

हुंदक्यानं त्याच्या खांद्याला हिसका बसला. एवढा बाप्या माणूस, समुद्रात तुफान बघितलेला, आणि आपल्या बायकोसमोर त्याला तोंड लपवायला जागा सापडेना. त्यानं ते शिडाकडे वळवलं.

"बरा झाला," जयवंती म्हणाली. तिचा आवाज आता अगदी शांत, रोजचा, भात वाढतानाचा होता. "ह्यो काळोख मी आसतानाच बघितलास. एकट्यान पयल्यांदा बघूक नको."

त्याचं तोंड अजून शिडाकडेच होतं.

"इकडे बघा. हयसून बघा." तिनं हात उचलला. लाइफ जॅकेटच्या जाडजूड नारिंगीतून तो काटकुळा हात कसाबसा वर आला, आणि एक बोट तीराकडे रोखलं गेलं. "दोन वाकडे माड दिसतत? तेंच्या मदी काळा काळा दिसता, तां आपला छप्पर. छपराच्या खाली दार. दिसला?"

"नाय."

"परत बघा. आधी माड. मगे छप्पर. मगे दार." ती त्याला घर शिकवत होती. ज्यानं डोळे मिटून मांडवीचा प्रत्येक खडक सांगितला असता, त्याला ती त्याचं घर शिकवत होती, दिव्यावाचून. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिला दम लागत होता, पण तिनं हात खाली घेतला नाही.

तीरावरून मतलई वाऱ्याची पहिली झुळूक आली. शीड हललं, होडी हळूच सरकू लागली. घर मागे पडायला लागलं.

"दिसला?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"दिसला," आत्माराम म्हणाला.

त्याला काहीच दिसत नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं, पाण्यापलीकडे काळोख होता, आणि काळोखात तिचं ते बोट तेवढं उभं होतं. तो त्या बोटाकडे बघत राहिला, आणि सुकाणू धरून बसून राहिला.