आसरेच्या पायाशी पाच चाव्या

भाद्रपदातल्या अमावास्येला सकाळी साडेआठ वाजता, पुसेगावला जाणाऱ्या वाटेवरच्या ओढ्याच्या अलीकडच्या काठावर नऊ जीप, दोन टेम्पो आणि एक ट्रॅक्टर उभा होता. माणसं दोनशेच्या आसपास होती. नेमकी मोजता आली नसती, कारण कुणी एका जागी ठरत नव्हतं. बाभळीखाली आसरेचे शेंदूर फासलेले सात दगड, पाण्यातल्या सात देवींचे. त्यांच्यापुढे त्रेसष्ट नारळ, अकरा खण, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि गाड्यांच्या पाच चाव्या.

गोपीचंद बैलजोडीचा कासरा धरून पाण्याच्या कडेला उभा होता. साल दोन हजार सहा. तांड्यावरची पहिली जीप त्याची होती. आता ती हिंगोलीच्या गॅरेजात पडून होती आणि तो इथे दगडोबा महाराजांची सेवा करत होता. तीन अमावास्या, लोकांच्या गाड्या ओढ्यापलीकडे ओढून द्यायच्या. मागच्या अमावास्येला पोळा होता. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू चढत नाही, म्हणून त्या दिवशी दोर त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला होता. त्याचा वळ अजून गेला नव्हता.

आजची तिसरी. आज महाराज सांगणार होते की त्याची बायको निलम तांड्यावर परत आली तर चालेल की नाही.

"सरका, सरका! मातेला वारा लागू द्या!"

दगडोबा महाराज काळी लुंगी सावरत एका जीपपुढे आले. त्यांची रीत ठरलेली होती. गाडीच्या तोंडापुढे साष्टांग आडवं व्हायचं, गाल मातीला टेकवायचा, दहा श्वास तसंच पडून राहायचं. मग थरथरत उठायचं.

"बोलली! माता बोलली! हिला अडवनार!" आणि लगेच तालावर सुरू, "बंद कर मशीन, सोड तुजी शान! चावी ठिव पायापाशी, माता नेईल काशी!"

काशीला कुणालाच जायचं नव्हतं. बहुतेकांना हिंगोलीच्या बाजाराला जायचं होतं. पण ड्रायव्हरने मुकाट्याने चावी काढून दगडांपुढे ठेवली. गोपीचंदने दोर बांधला, बैल पाण्यात घातले. गाडी पलीकडे गेली, एक शिष्य चावी घेऊन धावला आणि जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली. "आसरामातेचं चांगभलं!" काठावर आरोळी उठली.

पुढच्या गाडीपुढे महाराज आडवे झाले आणि हसत उठले. "जा लेकरा. तुज्यावर माता खूश हाय." ती गाडी इंजिन चालू ठेवून पाण्यातून सरळ गेली. पुन्हा चांगभलं. महाराजांचं भाकीत आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

सोनाजी शिरड शहापूरचा. त्याला "अडवनार" सांगितलं तर तो उखडला. "मला काहून? परवाच गाडीचं काम केलं मी. पिकअप बघा, वाघ हाय वाघ!"

"वाघाला बी मातेम्होरं पानी पाजत्यात," महाराज म्हणाले. लोक हसले.

सोनाजीने चावी दिली नाही. रेस दाबली आणि गाडी घातली. ओढ्याच्या मध्यावर खट् असा एकच आवाज झाला आणि जीप जागीच मेली. हसू थांबलं. कुणीतरी बाईने पदर तोंडाला लावला.

गोपीचंदने डोळे मिटून घेतले. तो आवाज त्याला ठाऊक होता.

आषाढात प्रतिक्षाला, त्याच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला, आदल्या दिवसापासून जुलाब-उलट्या होत होत्या. दुपारी तिचे डोळे आत गेले, तेव्हा पुसेगावच्या दवाखान्यात न्यायला त्याने गाडी काढली. मागच्या सीटवर निलम, तिच्या मांडीवर पोर. पाण्यात रेस सोडायची नाही, हा ड्रायव्हर लोकांचा धर्म. त्याने सोडली नाही. खट् झालं. बंद पडली तर सेल्फ मारत राहायचा, हाही धर्मच. त्याने तीनदा मारला. चौथ्यांदा आवाजसुद्धा आला नाही. तरी तो पाव तास चावी फिरवत राहिला. मग पोरीला खांद्यावर टाकून तो पाण्यातून निघाला. पलीकडे एकही वाहन नव्हतं. पुसेगाव तीन किलोमीटर. निम्म्या वाटेवर मागून पळत येणारी निलम थांबली. तिच्या हातात पोरीचं लोंबतं पाऊल होतं.

"थांबा," ती म्हणाली. "आता पळू नगा."

तिसऱ्या दिवशी दगडोबा महाराज तांड्यावर आले. विनाकारण माता गाडी धरत नाही, म्हणाले. पोरीच्या आईने काय केलं ते तिलाच विचारा.

"डोहात कपडे धुतले," निलम म्हणाली. "समद्याच धुतात."

"कोनच्या दिवसांत?"

निलम गप्प राहिली. भर पुरुषांत ती काय बोलणार होती? पण ते गप्प राहणं पुरावा म्हणून धरलं गेलं. तांड्याचे नाईक प्रेमदास यांनी निवाडा महाराजांवर सोपवला, आणि निलमला नरसीजवळच्या तिच्या माहेरी धाडलं. गोपीचंदने तिला अडवलं नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.

सोनाजीची जीप बैलांनी मागे काठावर ओढली, तेवढ्यात आणखी एक जीप येऊन थांबली. तिच्या तोंडावर दोन पोती शिवून केलेला पडदा बांधला होता. गाडी हिंगोलीचा मुन्ना मिस्त्री चालवत होता. शेजारी गोपीचंदची धाकटी बहीण शितल, यंदाच बी.एस्सी. झालेली. तिच्या पलीकडे निलम.

अडीच महिन्यांनी तो तिला पाहत होता. ती बारीक झाली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"महाराज, आमचंही बघा," शितल उतरून म्हणाली. "ही गाडी अडेल का?"

महाराज आडवे झाले. गाल मातीला टेकला. दहा श्वास झाले, वीस झाले. त्यांनी मान जरा वर केली. "हे पोतं काहाचं? काढ. मातेला दिसंना."

"पोत्याआडचं मातेला दिसत नाही?" शितलने विचारलं.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. प्रेमदास नाईक खाकरले.

महाराज उठले. त्यांनी शितलकडे पाहिलं, निलमकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "पोतं कशाला काढायचं? गाडीत कोन बसलंय ते दिसून राहिलं ना! ज्या बाईपायी पोर गेलं, तीच परत पान्यावर आली. अडवनार! उलटी करनार!"

"भाभी, उतरायचं का?" शितलने हळूच विचारलं.

"न्हाई," निलम म्हणाली.

मुन्नाने गाडी पाण्यात घातली, इंजिन चालू ठेवून. पाणी पुढच्या चाकांच्या निम्म्यावर चढून पोत्याला भिडलं. गोपीचंदच्या हातातला कासरा ताणला गेला. बैलांनी माना उडवल्या. मध्यावर, जिथे त्याची जीप मेली होती, तिथे मुन्ना मुद्दाम थांबला. इंजिन धडधडत राहिलं. निलम पाण्याकडे बघत होती. मग गाडी पलीकडे चढली, वळली आणि परत आली.

कुणीही चांगभलं म्हटलं नाही.

शितलने पोतं सोडलं. "आता या गाडीच्या बंपरखाली बघा. काही आहे का? नाही. आता सोनाजीभाऊंच्या गाडीखाली बघा."

लोक वाकले. सोनाजीच्या बंपरमागे हाताच्या मनगटाएवढा जाड पाइप खाली उतरला होता, टोकाला लाल जाळीचा फिल्टर.

"बाजारात नवीन आलंय हे," सोनाजी म्हणाला. "मूळचा पाइप काढून हा लावतात. खालची थंड हवा मिळाली का गाडी पळती, म्हने."

"मूळचा पाइप हवा कुठून घेतो?"

"वरून. बोनेटखालून."

शितलने खिशातून टेप काढला. कळकाची काठी घेऊन ती ओढ्याच्या मध्यापर्यंत गेली आणि काठी टेपला लावत परत आली, मग सोनाजीच्या पाइपच्या तोंडाशी टेप धरला. "पाणी चोपन्न सेंटिमीटर. सोनाजीभाऊंच्या पाइपचं तोंड जमिनीपासून त्रेचाळीस. मुन्नाचाचांच्या गाडीचं, वरचं, सत्त्याण्णव. कोणती गाडी पाणी पिणार?"

मुन्नाने सोनाजीच्या बोनेटखाली हात घालून पाइप सोडवला. तांब्याभर गढूळ पाणी भळाभळा मातीवर पडलं. "ये देखो. इतकं तर नुसत्या पाइपात. अंदर अलग."

"इंजिन हवा ओढून दाबतं," शितल म्हणाली. पिशवीतून तिने सुईशिवायची एक सिरिंज काढली आणि नाईकांच्या हातात दिली. "काका, तोंडावर बोट धरा आणि दाबा."

प्रेमदास नाईकांनी दाबली. दट्ट्या निम्म्यापर्यंत आत गेला.

"ही हवा. आता पाणी भरा आणि दाबा."

नाईकांनी पाणी भरलं. दाबलं. पुन्हा दाबलं. अंगठा पांढरा पडला. "हलंना पोरी."

"पाणी दबत नाही. इंजिनातही असाच दट्ट्या असतो, पिस्टन; तो वर चाललाय, मागून इंजिनचा जोर आहे आणि समोर पाणी. मग लोखंड वाकतं. तो खट् आवाज आसरेचा नाही, लोखंडाचा आहे. बंद इंजिन हवाच ओढत नाही, म्हणून पाणीही ओढत नाही. चावी दगडांपुढे ठेवली की इंजिन बंद राहणारच. बैलांनी ओढलं, पलीकडे किल्ली मारली, चालू. यात माता कुठे आली?"

"आन म्हाराजांना आदी कसं कळतं?" एका म्हातारीने विचारलं.

"आजी, गाडीपुढे गाल टेकवून झोपलं की बंपरखालचं सगळं दिसतं."

महाराज थरथरू लागले. "आंगात येऊन राहिली! भस्म करंल! नास्तिक पोरगी..."

"ए दगड्या," मुन्ना शांतपणे म्हणाला, "बस कर. छे साल माझ्या गॅरेजात काम केलंस. पाणी पिलेली दोन इंजिनं तुझ्यासमोर खोलली मी. तुला सब मालूम होतं. ड्रायव्हर लोकांना एवढंच सांगायचं होतं, बाबांनो, तो पाइप काढा. क्यूं नहीं बोला?"

दगडोबाने लुंगी सावरली. थरथर थांबली होती. सगळ्यांत आधी सोनाजी बाभळीखाली गेला आणि चाव्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "उचला रे आपापल्या." पाचही उचलल्या गेल्या. त्या घाईत कोंबड्यांचे पाय कुणी सोडले ते कळलं नाही.

शितल लोकांकडे वळली. "हात जोडायचे तर जोडा. मी कुणाच्या देवाला हात लावत नाही. पण कुणी म्हणालं की अमकीमुळे पोर गेलं, तमकीमुळे गाडी अडली, तर त्याला एकदा विचारा, कसं? उत्तर दिलं तर तपासून बघा, मोजून बघा. तेवढं केलं असतं तर माझी भाभी अडीच महिने..." ती टेप गुंडाळू लागली.

गोपीचंदने बैल कुणाच्या तरी हाती दिले. तो चिखलात पाय ओढत आला.

"पाइप मी बसवला होता," तो म्हणाला. "लगनसराईच्या आदी. वऱ्हाडाची गाडी समद्यांच्या म्होरं जावी म्हणून. मीच."

"भिया, तुला माहीत नव्हतं."

"आन सेल्फ? तीनदा मारला मी."

शितलने मुन्नाकडे पाहिलं. मुन्नानेच मान खाली घालून सांगितलं, "सेल्फनं जास्त वाकतं. खरं हाय ते."

गोपीचंद निलमपुढे जाऊन उभा राहिला. ती गाडीतच बसून होती. "चल घरी," तो म्हणाला.

"घरी काहून?" ती म्हणाली. "मातेनं सोडलं म्हणून? तुमच्या बहिणीनं सांगितलं म्हणून? मी पोरगी मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याच हातात तिचं पाऊल थंड झालं. आन तुमी तांड्याम्होरं माझ्याकडं बघितलं बी न्हाई."

"निलम..."

"माझं लेकरू मी न्हाई मारलं. हे तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. ह्या समद्यांम्होरं. मग येते का न्हाई ते बघू."

गोपीचंदने मागे वळून बघितलं. लोक पांगायचे थांबले होते. मातेने मारलं म्हणायची सोय संपली होती. आता उरलं होतं ते त्याचं एकट्याचं. तो मुन्नाला म्हणाला, "चाचा, माझं इंजिन खोललं का?"

"खोललं. दांडे आणलेत. वाकलेला आखूड भरतो, मोजून बघ."

मुन्नाने सीटखालून तरटाची गुंडाळी काढून बोनेटवर उलगडली. पिस्टनला क्रँकशी जोडणारे चार दांडे तेलात माखलेले होते. शितलने बारीक मापाचा व्हर्नियर पुढे केला, कसा धरायचा ते दाखवलं आणि बाजूला झाली. कुणालाच धक्का न लावता प्रेमदास नाईक जवळ येऊन उभे राहिले.

गोपीचंदने पहिला दांडा पुसला, मापला, आकडा नीट पाहिला. लोकांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला.

"पयला. एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर."

दुसरा पुसला. "एकशे अठ्ठावन्न."

तिसरा हातात घेतला आणि तो ठेवून दिला. चौथा आधी मापला. "एकशे अठ्ठावन्न."

निलम गाडीतून उतरून बोनेटपाशी आली. त्याने तिसरा पुन्हा उचलला, दोनदा पुसला, व्हर्नियर लावला. आकडा बघून काढला, परत लावला.

"तिसरा," तो म्हणाला. "एकशे चोपन्न. चार मिलिमीटर वाकला, तो माझ्या पाइपानं, निलमच्या धुण्यानं न्हाई."