सुरीने न खरवडलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी काशाची सुरी आहे. भाजीशी माझा कधी संबंध आला नाही आणि लढाईशी तर मुळीच नाही. चीनमधल्या एका चिमुकल्या राज्याचे दरबारी लेखक ची फान यांच्या कमरेला मी लटकत असे. तेव्हा कागद नव्हता. बांबूच्या पट्ट्यांवर कुंचल्याने शाईत लिहायचे आणि चुकले की मला काढून खरवडायचे. कितीतरी चुका मी पोटात घातल्या, पण कौतुक मात्र नेहमी कुंचल्याचे!

फानकाकांचे लिहिणे फार आखूड. ‘उन्हाळा. तट बांधला.’ झाले, संपला उन्हाळा! त्यांच्या आजोबांपासून हीच रीत होती. त्यांचा पुतण्या रोंग हाताखाली आला आणि त्याने तटाच्या ओळीपुढे एका बाईचे बोलणे लिहिले. तिचा नवरा तटाच्या कामावर दगावला होता. भर रस्त्यात राजाचा रथ अडवून ती म्हणाली होती, “महाराज, तट उंच झाला. आता आत राहायला माणसं कुठून आणणार?”

काका भडकले. “इतिहास लिहितोयस की पाणवठ्यावरच्या गप्पा?”

“काका, नुसतं ‘तट बांधला’ वाचून कुणाला काय कळणार?”

तेवढ्यात प्रधान बाओ तणतणत आले. “ती ओळ आत्ताच्या आत्ता खरवडा, नाहीतर पुतण्याला घरी बसवा!”

काकांनी मला हातात घेतले. आजवर मी चुका खरवडल्या होत्या आणि ही तर चूक नव्हती. काकांनी ओळ एकदा मोठ्याने वाचली. शेवटचा प्रश्न त्यांनी पुन्हा वाचला. मग त्यांनी मला प्रधानांपुढे धरले.

“घ्या, तुम्हीच खरवडा. फक्त पुढच्या पट्टीवर मला लिहावं लागेल, ‘शरद. प्रधान बाओंनी ओळ खरवडली.’ घडलं ते लिहायचं, ही आमच्या घराण्याची रीतच आहे.”

प्रधान मला हात न लावताच चालते झाले. रोंग गालातल्या गालात हसत होता.

“दात काय काढतोस?” काका खेकसले. “ती पुढे काय म्हणाली, तेही लिही.”

त्यानंतर आमच्या पट्ट्यांत माणसे बोलू लागली, भांडू लागली, एकमेकांची थट्टा करू लागली. त्या वाचून दाखवल्या की ऐकणारे हसत आणि डोळेही पुसत. ते पाहून मला फार बरे वाटे.

आता काशाला गंज चढून मी हिरवी पडले आहे. मित्रांनो, लिहिताना खाडाखोड खुशाल करा, त्यात लाज कसली? पण कुणाच्या धाकाने खऱ्या बोलण्यावर सुरी चालवू नका. आणि एक हळहळ सांगते. त्या बाईचे नाव आमच्यापैकी कुणीच विचारले नाही. तुम्ही लिहाल, तेव्हा तेवढे विचारा.