माझं शून्य जमिनीला टेकू द्या

मी उंची मोजायची फळी बोलतेय. गोड बोलणं मला जमणार नाही, हे आधीच सांगते. माझ्या अंगावर शून्यापासून दीडशे सेंटीमीटरपर्यंत आकडे आहेत, आणि कुणाला खूश करणं हे आकड्यांचं काम नसतं.

मला एका सुताराने घडवलं. त्याची मुलगी याच शाळेत होती. दाराची चौकट करून उरलेलं लाकूड त्याने रंध्याने गुळगुळीत केलं, खाचा पाडल्या, काळ्या रंगाने आकडे घातले. मला भिंतीला ठोकल्यावर तो चक्क आडवा झाला आणि गाल फरशीला लावून माझं खालचं टोक नीट टेकलंय का ते पाहिलं. "शून्य जमिनीवरच पाहिजे, बाई," तो वर्गाच्या बाईंना म्हणाला. "ते हललं की वरचं सगळं खोटं."

तळमजल्यावर, दुसरीच्या वर्गात, दाराशेजारी माझी जागा. दर तीन महिन्यांनी मुलं माझ्याशी पाठ टेकून उभी राहायची. काय एकेकाच्या लबाड्या! कुणी टाचा उचलायचं, कुणी केस फुगवून यायचं. बाई डोक्यावर वही आडवी धरायच्या आणि टाचा खाली टेकवायला लावायच्या. वर्गातली सगळ्यांत छोटी मुलगी म्हणजे वाटाणा. तिला सगळे त्याच नावाने हाक मारत. ती एकशे चारवर होती, पण तिने टाचा कधी उचलल्या नाहीत. "मला खरं खरं वाढायचंय," म्हणायची. माझा तिच्यावर फार जीव.

बाई हवामानाचा पाठ नुसता वाचून दाखवत नसत. अंगणात त्यांनी वरून कापलेली बाटली ठेवली होती. रोज एकाने जाऊन किती पाऊस साठला ते मोजायचं आणि तक्त्यावर लिहायचं. एकदा त्यांनी दोन परातींत झारीने पाणी ओतलं. एकीत माती आणि गवत, दुसरीत नुसती फरशी.

"मातीने पाणी पिऊन टाकलं," वाटाणा म्हणाली. "फरशीने ओकलं."

"शाब्बास. आणि हवा तापत चाललीय. तापलेली हवा जास्त वाफ पोटात धरते, मग सोडते तेव्हा बदाबदा सोडते. आपल्या शाळेमागच्या नाल्याच्या दोन्ही बाजूंना फरशीच फरशी. मग ते पाणी जाणार कुठे?"

"आपल्या वर्गात!" सगळी पोरं हसत ओरडली. सात वर्षांच्या पोरांना जे कळलं, ते नाला आवळणाऱ्या शहाण्यांना कळलं नाही.

आणि एका सकाळी पाणी खरंच आलं. बाटली भरून वाहतेय हे सांगायला एक मुलगी धावत आली, तिच्या मागोमाग उंबरा ओलांडून पाणी. बाईंनी मुलांना जिन्याकडे पळवलं. वर सभागृह आहे. मोठं, कोरडं, खाली गालिचा. वर्षातून दोनदा तिथे पाहुणे येतात, एरवी कुलूप. किल्ली शिपाईमामांच्या खिशातच होती, पण मोठ्या सरांच्या परवानगीशिवाय दार उघडायचं नाही असा दंडक, आणि मोठ्या सरांचा फोन लागत नव्हता. एकतीस मुलं चार तास पायऱ्यांवर बसून राहिली. गालिचा ओला होऊ नये म्हणून! त्यांचं रडणं मला खाली ऐकू येत होतं आणि पाणी माझ्या अंगावर एकेक आकडा चढत होतं. एकशे आठवर ते थांबलं.

पाणी ओसरलं. भिंतीवर तपकिरी रेघ राहिली. शिपाईमामांना माझी दया आली आणि त्या दयेनेच घात केला. त्यांनी मला काढून साबणाने घासलं, माझ्या अंगावरची रेघ घालवली, तेल लावलं. "आता नाही हो भिजायची तू," असं म्हणत मला वीतभर वर ठोकलं. माझं शून्य हवेत लोंबकळायला लागलं. मुलं तेव्हा व्हरांड्यात बसत होती, बाईही त्यांच्याबरोबर. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मग पुराच्या पाहणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. मीटरभर पाणी चढलेल्या खोलीत वर्ग भरवायचा नाही, असा नियम आहे. चांगला नियम आहे. पण खोलीत चिखल होता आणि साहेबांचे बूट नवे होते. त्यांनी उंबऱ्यावरूनच मान लांब केली आणि भिंतीवरची रेघ माझ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिली.

"शहाऐंशी. मीटरच्या आत आहे. धुवा, रंग द्या, वर्ग सुरू करा."

"वा, छान झालं," मोठे सर म्हणाले. वर्ग वर हलवावा लागणार नव्हता, त्यांचं सभागृह वाचलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि माझा तळपाय तर जमिनीवरही नव्हता! पिशवीत टेप असूनही या माणसाने ती काढली नाही. माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं आणि खाली सही ठोकली.

वर्ग परत खाली भरला. पहिल्याच दिवशी बाईंनी उंची मोजायला घेतली. वाटाणा पुढे आली, टाचा टेकवून ताठ उभी राहिली. बाईंनी वही धरली आणि आकडा पुन्हा एकदा वाकून पाहिला.

"किती, बाई?"

"त्र्याऐंशी."

वर्गात हशा पिकला. वाटाण्याचा चेहरा रडवेला झाला. "बाई, कपडा धुतल्यावर आटतो, तशी मी पुरात आटले का?"

बाईंनी टेप आणली आणि जमिनीपासून माझ्या शून्यापर्यंत धरली. बावीस. फळ्यावर त्यांनी बेरीज मांडली आणि सगळ्या वर्गाने मोठ्याने सोडवली. त्र्याऐंशी आणि बावीस, एकशे पाच. वाटाणा एका सेंटीमीटरने वाढलीच होती. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "आणि पाण्याची रेघ?" शहाऐंशी आणि बावीस, एकशे आठ. वाटाण्याने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. रेघ तिच्या डोक्यावरून जात होती. मग कुणीच हसलं नाही.

बाई मोठ्या सरांना वर्गात घेऊन आल्या.

"अहो, अहवाल गेला," ते म्हणाले. "आता एका फळीसाठी परत कोण लिहीत बसणार?"

"फळीसाठी नाही, सर. हिच्यासाठी."

सरांनी वाटाण्याकडे पाहिलंच नाही. साहेबांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की भिंतीत ओल चढते, रेघ ओलीची असेल. दुसऱ्या दिवशी रंगारी आले आणि दोन हातांत रेघ गायब. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण इथे तर घडा मुद्दाम पालथा घातला होता.

शिपाईमामा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते आले, माझे खिळे उपटले आणि मला खाली टेकवलं. सुतारासारखाच गाल फरशीला लावून पाहिलं. बराच वेळ तसेच पडून होते. नंतर रडले. किल्ली खिशात असूनही त्यांनी दार उघडलं नव्हतं, हे मी विसरलेली नाही आणि तेही विसरलेले नाहीत.

तेव्हापासून सभागृहाला कुलूप लावायचं ते विसरतात. "वय झालं, सर," म्हणतात. मोठे सर रोज रागावतात, मामा रोज विसरतात, आणि आभाळ भरून आलं की बाई मुलांना घेऊन वर जातात. पण कागदावर वर्ग अजून इथेच आहे, माझ्यापाशी. महिन्याभराने मामा निवृत्त होतील. नवा माणूस कुलूप लावायला विसरणार नाही.

वाटाण्याने लाल खडूने माझ्यावर एकशे आठला रेघ ओढलीय. पुसली जाते, ती पुन्हा ओढते.

साहेब, तुम्ही एकदा या. बूट काढून आत या, माझ्याशी पाठ टेकून उभे राहा. लाल रेघ तुमच्या पोटाशी येईल आणि तुम्हाला वाटेल, हात्तिच्या, एवढंच! मग बाजूला व्हा आणि तिथेच वाटाण्याला उभी करा. ती टाचा उचलणार नाही. आणि तिच्या डोळ्यांत बघून तुमचं ते शहाऐंशी परत वाचून दाखवा.