एक काना

"जिन्यानं नाही पाडलं आजी, तुम्ही जिन्यात पडलात," बोलकीताई हसत म्हणाली. "बिचाऱ्या जिन्यावर कशाला आळ घेता? म्हणा बघू, मी जिन्यात पडले."

आजींनी जोरात मान हलवली. डावा हात तेवढा चालत होता, तो पलंगावर आपटून त्या पुन्हा म्हणाल्या, "यांनी... पाडलं."

"पा नाही, प. तो काना काढून टाका."

बोलकीताई हे तिचं खरं नाव नव्हे. डोक्याला मार लागून किंवा झटका येऊन ज्यांची वाचा जाते, त्यांना घरोघर जाऊन पुन्हा बोलायला शिकवणं हा तिचा व्यवसाय. हॉस्पिटलातल्या नर्सनी थट्टेत ठेवलेलं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. तिलाही ते आवडायचं, कारण ती स्वतः एकदा सुरू झाली की कुणाला थांबवता येत नसे.

आजी आपल्याच घराच्या जिन्याखाली बेशुद्ध सापडल्या होत्या. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. हळूहळू शब्द यायला लागले, तर पहिलं अक्षर गायब. कपाटाचं पाट व्हायचं. उशी मागताना त्या "शी" म्हणाल्या, तेव्हा ताईला हसू आवरेना आणि मग आजीही हसल्या. त्यामुळे एक दिवस त्या घाईघाईनं काहीतरी "...यांनी पाडलं" असं म्हणाल्या, तेव्हा ताई गोंधळली. कोपऱ्यातल्या खुर्चीतून आजोबांनीच ते कोडं सोडवलं.

"जिन्यानी म्हणायचंय तिला," पुस्तकातून मान वर न करता ते म्हणाले. "जिन् खाल्लंय तिनं."

"अगबाई, खरंच की!"

आजोबा म्हणजे देवमाणूस, असं ताई सगळीकडे सांगत असे. बायकोचे केस स्वतः विंचरायचे, भरवताना ओठाला लागलेलं रुमालानं टिपायचे, शिकवणी चालू असताना खोलीतून हलायचे नाहीत. शिवाय त्यांना रहस्यकथांचं वेड होतं आणि ताईलाही. दर आठवड्याला ते तिला एक जाडजूड कादंबरी द्यायचे. अर्ध्या पुस्तकात खुनी ओळखते, अशी फुशारकी ती घरी मारायची. "स्वतःचा चष्मा सापडत नाही आणि खुनी बरे सापडतात," असं तिचा नवरा म्हणायचा.

आजींचा काना मात्र जाता जाईना. ताईनं चुचकारलं, लटकं रागावून पाहिलं. आजी चिडायच्या, रडायच्या, तोंड फिरवायच्या. हट्टी आहेत, असं ताई मनात म्हणे. अशा माणसांशी चिकाटीनंच वागावं लागतं, हे ती अनुभवानं शिकली होती. ती रोज तेच वाक्य घोटून घ्यायची, आणि एका सकाळी आजी तिच्याकडे बघत, थकल्या आवाजात म्हणाल्या, "मी जिन्यात पडले."

ताईला आनंदानं रडू आलं. आजोबांनी लगेच इन्स्पेक्टरना फोन केला. आजी बोलायला लागल्या की जबाब घ्यायचा म्हणून पोलीस खोळंबले होते.

इन्स्पेक्टर आले, पलंगाशी बसले. "काय झालं होतं, आजी?"

आजींनी आजोबांकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. अडल्या असतील, म्हणून ताईनं नुसते ओठ हलवून 'मी' करून दाखवलं. बाकीचं वाक्य आपोआप बाहेर पडलं. इन्स्पेक्टर समाधानानं उठले.

पुढच्या आठवड्यात नातेवाईक ओळखण्याचा धडा होता. आजोबा औषध आणायला बाहेर गेले होते. ताईनं भिंतीवरचा दोघांचा जुना फोटो काढून आजींच्या मांडीवर ठेवला.

"हे कोण?"

आजींनी नवऱ्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "यांनी," त्या म्हणाल्या.

"यांनी नाही आजी, नुसतं हे म्हणाय..."

ताईचं वाक्य तिथंच थांबलं. तिची स्वतःची आई जन्मभर तशीच बोलत आली होती. यांनी सांगितलं, यांनी आणलं. वडिलांचं नाव म्हणून कधी घेतलं नाही. आजींनी त्या वाक्यातलं एकही अक्षर खाल्लं नव्हतं. पहिल्या दिवसापासून ते पूर्ण होतं, शुद्ध होतं, आणि महिनाभर खपून तिनंच ते बिघडवलं होतं. तिच्या अंगावर काटा आला. ज्या हातांनी केस विंचरले, त्याच हातांनी? आणि का? कादंबरीत निदान शेवटच्या प्रकरणात कारण तरी सांगतात.

तिनं इन्स्पेक्टरना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "साहेब, जबाब चुकलाय. माझ्यामुळे चुकलाय. तुम्ही त्यांच्या तोंडूनच ऐका."

"बरं. बोला आजी."

"आजी, यांनी काय केलं? माझं काही ऐकू नका आता. तुमचं तुम्ही सांगा."

आजींचा चेहरा उजळला. कुणाला तरी कळलं होतं. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, ओठ जुळवले आणि म्हणाल्या, "मी जिन्यात पडले."

त्यांचे डोळे विस्फारले. त्यांनी जोरजोरात मान हलवली, पुन्हा प्रयत्न केला. "मी जिन्यात पडले. मी... जिन्यात पडले."

"अहो बाई, हेच तर मी लिहून घेतलंय," इन्स्पेक्टर म्हणाले. "त्या नीट सांगतायत, तुम्ही कशाला त्रास देताय त्यांना?" फोन बंद झाला.

बाहेरचं दार लोटल्याचा आवाज आला. "काय स्वच्छ बोलते हो आता!" आजोबा चपला काढता काढता कौतुकानं म्हणाले. "सगळं श्रेय तुम्हाला, ताई."

आजींनी चांगला हात उचलला आणि स्वतःचंच तोंड घट्ट दाबून धरलं.